माळ्यावरचा बांबू

निवृत्त वायरमन लग्नाच्या पंगतीत बसला की शेजारचा पाहुणा वरण-भात कालवता कालवता दोन प्रश्न हमखास विचारतो. पहिला, किती वेळा शॉक बसला? दुसरा, तारेवर आकडे टाकून चोरून वीज घेणाऱ्यांकडून काय मिळायचं? पहिल्याचं उत्तर, चार वेळा. दुसऱ्याचं उत्तर, एक कोंबडी. तीसुद्धा मी आकडा काढून टाकल्यावर परत केली, कारण त्या दिवशी आमच्या घरी चतुर्थी होती. हे ऐकून पाहुण्याचा विरस होतो आणि तो दुसऱ्या बाजूच्या माणसाशी बोलायला लागतो.

माझी सगळी नोकरी शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत गेली. मी मूळचा मुरबाडकडचा. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे आमच्याकडचा माणूस एक तर एसटीची वाट बघत असतो, नाही तर लाइटची. एसटी उशिरा आली तर लोक कंडक्टरला काही बोलत नाहीत, पण लाइट गेली की वायरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. शिव्या देणाऱ्याला निदान आपल्या येण्याची खात्री असते.

आता या धंद्याबद्दल थोडं. बाहेरच्या माणसाला वाटतं की विजेचं काम म्हणजे फार मोठं शास्त्र. खरं तर खांबावर चढणाऱ्याला दोनच गोष्टी पक्क्या कळाव्या लागतात. वीज कशातून जाते आणि कशातून जात नाही. शाळेच्या पुस्तकात त्याच्या दोन याद्या असतात. तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम हे सुवाहक. लाकूड, रबर, काच, चिनी माती हे दुर्वाहक. मुलं ते पाठ करतात आणि दोन मार्क मिळवतात. आमच्या हद्दीत मात्र तिसरी यादी होती, ती कुठल्या पुस्तकात नाही. उन्हाळ्यात दुर्वाहक आणि श्रावणात सुवाहक, अशा वस्तूंची. माती, भिंत, दोरी, शिडी, कोयत्याची मूठ, कपडे वाळत घालायची काठी. पाणी शिरलं की यातला प्रत्येक जण पक्ष बदलतो.

कावळा तारेवर बसतो तो मरत का नाही, हे मला शेकडो लोकांनी विचारलं असेल. विजेला जायला वाट लागते. कावळ्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, त्यामुळे त्याच्या अंगातून वाट काढून तिला कुठे जायचंच नसतं. त्याच कावळ्याने एक पंख खांबाच्या लोखंडी पट्टीला लावला की वाट मिळाली, आणि कावळा खाली. माणसाचं याच्या उलट. आपण जन्मभर जमिनीवर पाय टेकून असतो, म्हणजे आपल्याकडून वाट कायम तयार. तार तेवढी यायची बाकी. म्हणून तार आणि खांब यांच्यामध्ये चिनी मातीचे इन्सुलेटर असतात. त्यांना छत्रीसारखे पदर असतात, कारण पाऊस पडला तरी पदराखालचा थोडा भाग कोरडा राहावा. शहापूरकडे वीटभट्ट्या आहेत. त्यांची राख त्या पदरांवर बसते, पहाटे दव पडतं, आणि चांगला धडधाकट इन्सुलेटर ठिणग्या टाकायला लागतो. लोक म्हणायचे, खांबाला भूत लागलंय. मी ओल्या फडक्याची बादली घेऊन चढायचो, लाइन बंद करून अर्थातच, आणि भूत पुसून खाली उतरायचो.

फडक्यावरून सापगावचे गिरणीवाले काका आठवले. त्यांच्या पिठाच्या गिरणीत दर आठवड्याला लाइट जायची. गेलो तर मेन स्विचच्या वर, वायरच्या जोडावर, ओलं फडकं नीट घडी करून ठेवलेलं. त्यातून पाण्याचे थेंब खाली स्विचवर पडत होते.

"काका, हे काय?"

"ताप येतो रे त्याला," काका म्हणाले. "हात लावून बघ. पट्टी ठेवली का उतरतो जरा."

ताप खरा होता. कुणीतरी तांब्याची वायर आणि ॲल्युमिनियमची वायर एकमेकींना पिळून जोड दिला होता. हे दोन्ही धातू वीज छान वाहून नेतात, पण त्यांचं एकमेकांशी जमत नाही. जोडात हळूहळू गंज धरतो, गंज वाट अडवतो, आणि अडलेली वीज तिथेच तापते. बाकीची वायर थंड आणि जोड तेवढा लाल. वर पुन्हा धातू असल्यामुळे ती उष्णता वायरभर पसरते आणि वायरचं रबर मऊ होतं. आणखी महिन्याभरात गिरणी पेटली असती, आणि पट्टी ठेवणारे काका त्याच्या आधी गेले असते. मी दोन्ही धातूंना चालणारा जोड लावून दिला. काकांना तो आवडला नाही. पुढे कितीतरी दिवस ते सांगायचे, वायरमननं इंजेक्शन दिला, पन पट्टीचा गुण येगळा.

दुसरे एक गृहस्थ मुंबईचे. मुरबाड रस्त्याला त्यांनी शनिवार-रविवारसाठी घर बांधलं होतं. तक्रार अशी, की व्होल्टेज कमी आहे, एसी खोली गार करत नाही. मी मीटर लावला. व्होल्टेज ठणठणीत. वर बघितलं तर नुसता पत्रा. खाली छत नाही, काही नाही.

"साहेब, व्होल्टेज बरोबर आहे, पत्रा चुकलाय," मी म्हणालो.

धातूतून वीज जशी सुखाने जाते, तशी उष्णताही जाते. दुपारचं सगळं ऊन ते पत्र्यातून खोलीत घेत होते आणि एसीने बाहेर काढत होते. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे वर भाताचा पेंढा घालतात. पेंढ्याच्या काड्यांत हवा अडकून बसते, ती ऊन खाली येऊ देत नाही. त्यांनी पत्र्याखाली फळ्या ठोकून पेंढा भरला. खोली गार झाली. पुढच्या महिन्यात त्यांचा फोन आला की पेंढ्यात उंदीर झालेत, त्याचं काय करता? उंदरांची जबाबदारीही वायरमनचीच, असं त्यांनी धरलं होतं.

हे किस्से मी पंगतीत सांगतो. जो सांगत नाही तो लहानूचा.

लहानूचा पाडा उंबरमाळीच्या पलीकडे, डोंगरात. उंबरमाळीला गाडीतून उतरायचं, मग चढ, मग जंगल, मग आणखी एक चढ. पंधरा-वीस घरं, थोडं भात, वरच्या अंगाला नाचणी. लहानू माझ्याच वयाचा. भाताच्या हंगामात शेतकरी आणि एरवी बांबूचं काम. टोपल्या, सुपं, कणग्या. त्याच्या हाताला असं वळण होतं की बोलता बोलता बांबू सोलायचा आणि नजर आपल्याकडे. बांबू घेताना तो मधल्या बोटाने टिचकी मारायचा आणि कान लावायचा. कोरडा असला तर टणटणीत वाजतो, ओला असला तर आवाज आतल्या आत राहतो. लांबच्या पाड्यांतली माणसंसुद्धा घराचे वासे घ्यायच्या आधी त्याला बोलावून टिचकी मारून घ्यायची.

त्याचं घर जुन्या पद्धतीचं. कारवीच्या काठ्यांचा कूड, वरून शेण-मातीचा गिलावा. वैशाखात त्या घरात पाऊल टाकलं की अंगावरचा घाम जिरायचा. मध्ये चूल, आणि चुलीच्या बरोबर वर माळा. माळ्यावर बियाणं, टोपल्यांचे तयार बांबू, मासे पकडायचा सापळा, जे जे टिकायला हवं ते सगळं. धुराने त्याला कीड लागायची नाही आणि चुलीच्या उबेने ओल धरायची नाही. भर आषाढात बाहेर चपलांना बुरशी यायची, पण माळ्यावरची वस्तू पापडासारखी कोरडी.

माझ्याकडे असे पाडे वीसच्या वर होते आणि मी एकटा. प्रत्येक ठिकाणी लाइट गेली की मी जायचं म्हटलं तर चालण्यातच जन्म गेला असता. म्हणून प्रत्येक पाड्यावर माझा एक माणूस होता. हे नियमात बसत नव्हतं. त्याचं नाव कुठल्या कागदावर नव्हतं. पण डोंगरपट्ट्यात काम केलेल्या कुठल्याही वायरमनला खासगीत विचारा, त्याचीही अशी माणसं होती. त्या पाड्यावर माझा माणूस लहानू.

त्याने करायचं काम एकच. ट्रान्सफॉर्मरच्या वर तीन नळ्या तिरक्या अडकवलेल्या असतात. त्याला आम्ही डीओ म्हणतो. नळीत बारीक तार असते. फांदी-बिंदी लाइनला लागली, भार वाढला, की ती तार वितळते आणि नळी मान टाकून खाली लटकते. म्हणजे बाकीचं वाचतं. कधी कधी मात्र तार शाबूत असते आणि नुसती पकड ढिली पडून, वाऱ्याने, नळी खाली येते. अशी नळी लांब काठीने वर ढकलून अडकवली की पाड्याला लाइट. दोन मिनिटांचं काम, आणि त्यासाठी मी चार तास चालायचो. आम्हाला त्यासाठी फायबरचा रॉड मिळतो. लहानूला मी बांबू दिला. म्हणजे बांबू त्याचाच, अक्कल माझी.

मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. नळीत तार शाबूत दिसली तरच हात लावायचा. पायात गमबूट. आणि बांबू कोरडा. वरच्या तारेत अकरा हजार व्होल्ट असतात. एवढ्या दाबाला लाकडातली थोडी ओलसुद्धा पुरते. लहानू हसून म्हणाला होता, "बांबूचा तुमी मला नका सांगू, भाऊ." त्याने एक लांब, सरळ, जुना बांबू निवडला, टिचकी मारून मला आवाज ऐकवला, आणि चुलीच्या वर माळ्याला आडवा टांगला. त्याला दुसऱ्या कशालाही वापरायचं नाही, असं घरात सांगून ठेवलं. नळीला हात लावण्याआधी त्याने मला फोन करून विचारायचं, हेही ठरलं होतं. पाड्यात रेंज यायची ती एका जांभळीच्या खडकावरच. तिथे उभा राहून तो विचारायचा. मी विचारायचो, बांबू कोरडा हाय ना? तो म्हणायचा, माळ्यावरचाच हाय. मग मी म्हणायचो, टाक, म्हणजे नळी वर अडकव.

अशी कितीतरी वर्षं गेली. लहानूने शंभर वेळा तरी ती नळी वर केली असेल. पाड्यात तो 'लाइटवाला' झाला. त्याचा त्याला अभिमान होता आणि मला आराम होता.

माझ्या निवृत्तीला सहा-सात वर्षं उरली असताना पाड्यावर गॅस आला. लहानूची बायको हिरा, कमी बोलणारी, पण एकदा मनात घेतलं की सोडायची नाही. धुराने तिचे डोळे लाल असायचे, सकाळी खोकला. गॅस तिनेच मागून घेतला. मी एकदा मीटर बघायला गेलो तेव्हा तिने मला गॅसवरचा चहा दिला. घरात धूर नव्हता. मधली चूल काढून तिने ती परसात, पत्र्याच्या आडोशाला नेली होती, अंघोळीचं पाणी तापवायला. चुलीच्या जागी सारवलेली स्वच्छ जमीन. मी म्हणालो, "आता डोळ्यांना आराम पडला असेल."

"पडला ना, दादा," ती म्हणाली.

मी वर बघितलं असेल. बांबू तिथेच टांगलेला होता. मला काही सुचलं नाही. पुढे हजार वेळा मनाशी घोळवलं, पण त्या दिवशी खरंच सुचलं नाही. मी चहा प्यालो आणि निघालो.

त्याच वर्षीच्या श्रावणात सलग बारा-तेरा दिवस सूर्य दिसला नाही. मग एक सकाळ उघडली. लख्ख ऊन. आठ-साडेआठला लहानूचा फोन. मी शहापुरात एका दुकानासमोर खांबाखाली उभा होतो.

"भाऊ, मधली नळी पडली हाय. तार हाय आत. टाकू काय?"

"बूट?"

"घातलेत."

"बांबू कोरडा हाय ना?"

"माळ्यावरचाच हाय."

"टाक," मी म्हणालो आणि फोन खिशात घातला.

पाऊण तासाने दुसऱ्या नंबरवरून फोन आला. मी पोचलो तोवर पाड्यातल्या लोकांनी त्याला झोळीत घालून हायवेवर उतरवलं होतं आणि तिथून जीपने दवाखान्यात. जीव वाचला. बुटांमुळे वाचला असेल, किंवा झटक्याने फेकला गेला म्हणून. उजव्या हाताची दोन बोटं पुढे काढावी लागली, आणि उरलेला तळहात आकसून मूठ अर्धी मिटलेलीच राहिली.

मी मात्र आधी ट्रान्सफॉर्मरपाशी गेलो. बांबू गवतात पडला होता. एका टोकाला काळा डाग. मी तो उचलला आणि वजनावरूनच कळलं. टिचकी मारली. आवाज आला नाही. कोयत्याने चिरला तर आतल्या पेरांना ओल होती, हात लावल्यावर बोटं गार पडावीत इतकी. उन्हाने वरची साल तेवढी सुकली होती. मग मी त्याच्या घरात गेलो. हिरा दवाखान्याच्या वाटेवर होती, दार नुसतं लोटलेलं. सारवलेल्या जमिनीवर मी उभा राहिलो आणि वर बघितलं. माळा होता. खाली चूल नव्हती. बांबू माळ्यावर आहे म्हणून कोरडा, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो. तो माळ्यामुळे कधीच कोरडा राहिला नव्हता. तो चुलीमुळे कोरडा राहत होता. त्याच्या बापाच्या, आज्याच्या वेळेपासून माळा आणि चूल एकत्रच होती, म्हणून त्याला माळ्यावरच्या बांबूला टिचकी मारायची गरज कधी वाटली नाही. पण चूल गेलेली मी बघितली होती. उष्णता, ओल, वीज, हा धंदा माझा होता. मीटर लावून मुंबईच्या साहेबाला पत्र्यावर व्याख्यान देणारा मीच.

आता लिहायचं ते लिहितो. तो बांबू मी ओढ्यात टाकला. ओढा दुथडी होता, बघता बघता घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. नवीन होते, चांगले होते. दवाखान्यात लहानूच्या खाटेशी त्यांनी चौकशी केली. मी बाजूला उभा होतो.

"तुम्हाला नळी टाकायला कुणी सांगितलं?"

"कोनी नाय, साहेब."

"मग कुणी शिकवलं?"

"बघून बघून शिकलो."

"काठी कुठे आहे ती?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "ओढ्यात गेली असावी, सर. पाणी फार होतं," मी म्हणालो.

लहानू पट्ट्यांत गुंडाळलेला हात छातीवर धरून म्हणाला, "माझाच चुकला, साहेब. बांबू वाजवून बघितला नाय मी."

साहेबांनी लिहून घेतलं. बाहेरच्या माणसाने परवानगीशिवाय लाइनला हात लावला, असा त्याचा अर्थ झाला, आणि त्या अर्थाने त्याला कसलीही मदत मिळणार नव्हती. माझं नाव कुठे आलं नाही. आलं असतं तर नोकरी गेली असती, हे मला माहीत होतं आणि लहानूलाही. म्हणूनच तो तसं बोलला. मी बाहेर येऊन टपरीवर चहा घेतला.

नंतर मी काय केलं? पाड्यावर माझ्यासाठी फायबरचा रॉड नेऊन ठेवला. सगळ्या पाड्यांतली माझी माणसं बंद केली आणि स्वतः चालायला लागलो. लहानूकडे अधूनमधून जायचो, साखर-चहा घेऊन, मुलाच्या कामासाठी कुणाला तरी सांगून. पण त्या विषयावर मी तोंड उघडलं नाही. मनाशी एक कारण धरून ठेवलं होतं. चुलीचं सांगितलं तर दोष हिराच्या गॅसवर जाईल. त्या घरात भांडण लागेल. कारण खोटं नव्हतं, पण सोयीचं फार होतं.

लहानूचं बांबूकाम सुटलं. डाव्या हाताने कोयता चालवायला शिकला, पण सूप विणणं जमेना. त्याहून वाईट म्हणजे त्याला कुणी टिचकी मारायला बोलवेना. पाड्यात चेष्टा व्हायची, बांबूवाल्याला बांबूची पारख राहिली नाय. तोही हसून म्हणायचा, वाजवून बघितला नाय ना मी. ज्याला त्याला हेच सांगायचा. पाहुण्यांना, शाळेतल्या पोरांना. मी बसलेला असलो तरी सांगायचा.

दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. यंदा हा लेख लिहायला बसलो तेव्हा गिरणीवाले काका झाले, उंदीर झाले, आणि पुढे हात चालेना. लहानूला सांगितल्याशिवाय हे छापायला देणं बरं नव्हे, एवढं कळत होतं. भाद्रपदात एक उघडीप बघून उंबरमाळीला उतरलो. गुडघे कुरकुरत होते. पोचायला दुपार झाली.

लहानू ओट्यावर बसून डाव्या हाताने शेंगा सोलत होता. हिरा उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती.

"या भाऊ," तो म्हणाला. "चालत आलात? आता कुटली लाइट गेलीय?"

मी बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. बांबू मी चिरून बघितला होता. आत ओला होता. चूल परसात गेली तेव्हापासून त्याला ऊब लागली नव्हती, तो हळूहळू ओल पीत होता, आणि मी ती रिकामी जागा बघूनही फोनवर 'टाक' म्हणालो. बांबू ओढ्यात मीच टाकला. "तुझी चूक नव्हती, लहानू. वाजवायचं तुला सुचलं नसतंच. ते मला सुचायला हवं होतं." गॅसबद्दल मी शक्य तितकं हळू बोललो, पण घर एवढंसं.

लहानूने आणखी एक शेंग उचलली. हिराने सूप बाजूला सारलं.

"मी पुसला व्हता तो बांबू," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "पंचमीच्या आदी. पांडरी भुकटी आली व्हती त्याच्यावर, बुरशी. मी आपला फडका घेतला, पुसला, आन् परत टांगला. यांना नाय बोलली. शॉक बसला तवा लगीच कळला मला." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "गॅस मीच मागला व्हता ना, दादा. तुमी कायच बोलला नाय. मंग मीबी नाय बोलली."

लहानूने हातातली शेंग खाली ठेवली. आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो नुसता बघत राहिला, बांबूचा आवाज ऐकताना बघायचा तसा, कुठेतरी मधल्या जागेत.

"म्हंजे तुमा दोगांना म्हाईत व्हता," तो म्हणाला. "आन् मी येवडी वर्सं गावभर सांगत फिरलो, माझाच चुकला म्हनून."